खाजणाची सत्तावीस नावं

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला किल्ली देण्याचं कुणाच्या लक्षात राहत नसे. अडतही नसे, कारण थोरल्या आतेला पाऊणकी पाठ होती. आजच्या मुलांना बेरीजही यंत्रावर करावी लागते, त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी म्हणजे काय ते समजावून सांगायला बसलं तर भरती येऊन ओसरेल. आते मात्र चुलीपुढून न उठता सांगायची, "आज अष्टमी. आठाची पाऊणकी सहा. सहाला पाणी भरेल." एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथी गुणिले पाऊण, म्हणजे भरतीची वेळ. पाच-पंचवीस मिनिटं इकडची तिकडे होत, पण तेवढ्याने कुणाचं जाळं बुडालं नाही. घरात कालनिर्णय यायला लागलं तेव्हा आतेने ते हातात घेऊन चार तिथ्या ताडून पाहिल्या आणि "ठीक आहे" असं प्रमाणपत्र देऊन खिळ्याला लावलं.

आम्ही अकरा भावंडं. सख्खी, चुलत, आते-मामे अशी प्रतवारी बाहेरचे लोक करत. घरात सगळ्यांची ताटं एकाच ओळीत पडत. घर डहाणू खाडीच्या दक्षिणेला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण सातबाऱ्यावरून चाललेली भांडणं अजून मिटलेली नाहीत आणि मला दिवाळीला त्याच घरी जेवायचं असतं. मागल्या दाराने बाहेर पडलं की आधी चिकूची चार झाडं, मग माड, मग मातीचा लांबलचक बांध. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे तिवरं आणि चिखल, आणि त्याच्याही पलीकडे खाडीचं पाणी. बांधाच्या दोन्ही अंगांना मिळून आम्ही खाजण म्हणत असू. सरकारी कागदात अलीकडच्या भागाला एक शब्द, पलीकडच्याला दुसरा, आणि पलीकडच्या बहुतेक जागेपुढे 'पडीक'. त्या 'पडीक'चं काय करायचं, हाच या लेखाचा विषय आहे.

बांधाला मध्येच उघाडी होती. लाकडाच्या चौकटीत वरून टांगलेली जाड फळी. भरतीचं पाणी बाहेरून दाब देई तेव्हा ती आपोआप मिटे. ओहोटीला आतलं पाणी ढकली तेव्हा उघडे. ना इंजिन, ना वीज. जूनच्या पहिल्या पावसाचं पाणी शेतात साठवायचं, जमिनीतला खार त्यात उतरू द्यायचा, ओहोटीला ते खारं पाणी उघाडीतून सोडायचं, पुन्हा साठवायचं. असे दोन-चार धुवे झाले की मोड आणलेलं बी फेकायचं. त्याला रहू म्हणत. तांदूळ लालसर, जाड, खार सोसणारा. त्याची पेज एकदा प्यालेला माणूस आयुष्यभर बासमतीला नाकं मुरडतो. आमच्यातले दोघे तरी मुरडतात. बाकीचे नऊ जण गुपचूप बासमती खातात.

भात कापून झालं की उघाडीची फळी दोराने वर बांधायची आणि उधाणाचं पाणी मुद्दाम आत घ्यायचं. पाण्याबरोबर बोय, कोलंबी, चिंबोऱ्या यायच्या. ओहोटीला उघाडीच्या तोंडाला बोक्षी लावली की पहाटे घरात परातभर मासळी. म्हणजे एकाच जमिनीत पावसाळ्यात भात आणि हिवाळ्यात मासा. इंग्रज आमदनीत आणि नंतर 1948 च्या खारजमीन कायद्यात या बांधांचा विचार झाला तो मुख्यतः भाताच्या हिशेबाने. मासळीचं पान सरकारी वहीत कधी उघडलंच नाही असं मला वाटतं. ते पान आतेच्या डोक्यात होतं.

आणि तिच्या डोक्यात नावं होती. आमच्या बांधाच्या दोन्ही अंगांच्या जागांची सत्तावीस नावं. 'बोयांची खळी', जिथे भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांतही गुडघाभर पाणी राही. 'म्हातारीचा कोन', जिथून फक्त विधवा आणि निराधार बायकांनी कालवं काढायची. धट्टीकट्टी बाई तिथे दिसली तर गावात बोलणी खाई. 'मोरसाचा माळ', तिवरांच्या मागे, जिथे फक्त मोठ्या उधाणालाच पाणी पोचे आणि एरवी जमीन पांढरी पडे. तिथे मोरसाची बुटकी, मांसल पानांची भाजी उगवे. ती उकळून पाणी टाकून द्यायचं, नाहीतर तोंडात मिठाचा खडा. कोलंबी घालून केलेली मोरसाची भाजी हा आमच्या बालपणाचा एक पक्का पुरावा आहे. ज्याने ती खाल्लेली नाही तो आमच्यातला नाही, मग आडनाव काही असो.

'लग्नाची उघाडी' हे नाव का पडलं ते प्रत्येक जण वेगळं सांगतो. माझ्या माहितीप्रमाणे आजोबांच्या चुलतभावाचं वऱ्हाड होडीतून येत होतं. भटजींनी मुहूर्त काढला तिथी बघून, पण भरती बघायचं राहिलं. ओहोटीत होडी चिखलात बसली. वधूपक्ष अलीकडे बांधावर, वरपक्ष पलीकडे चिखलात, मध्ये दोनशे हात गाळ. शेवटी सहा तासांनी पाणी आलं आणि लग्न रात्री लागलं. आतेचं भाष्य एकच असे: "पत्रिका जुळली, पाणी नाही जुळलं." त्या जोडप्याचा संसार छान झाला, हेही सांगून टाकतो.

होडीवरून आठवलं. चिंचणीला शेतात सापडलेले राष्ट्रकूटकाळातले ताम्रपट प्रसिद्ध आहेत. त्यातला तिसऱ्या इंद्राच्या काळातला एक शके 848 चा, म्हणजे इसवी सन 926 चा. त्या वेळी संजाण मंडलाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे होता. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती म्हणजे मुहम्मदचं आपल्याकडे रुळलेलं रूप, असं जाणकार मानतात. या माणसाने काय केलं, तर नद्यांवर फुकट तर, म्हणजे होडीची ने-आण, चालू केली आणि जेवणाचं सदावर्त घातलं. हजार वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्यालाही या खाड्यांच्या मुलखात पहिली गरज कसली आहे हे कळलं होतं. आमच्या लहानपणी तरवाल्याला वर्षाचे पैसे सुगीला भाताच्या रूपाने जात. आम्ही पोरं मात्र मधुमतीच्या राज्यात असल्यासारखी फुकट जात असू.

आता एक गोष्ट, जी आमच्या घरच्या आठवणींत फार वर्षं नीट सांगितली जात नव्हती. बांध 'आपल्या आजोबांनी बांधला' असं आम्ही ऐकत वाढलो. आजोबांनी बांधावर छत्री घेऊन उभं राहण्याचं काम केलं. माती कापली, वाहिली, चोपली ती तलासरीकडच्या पाड्यांवरून आणलेल्या वारली माणसांनी. खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की रात्री-अपरात्री उधाणात छातीभर पाण्यात उभे राहणारे तेच. त्या काळात या भागात वेठ चालत होती, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी अख्खी जोडपी राबत होती. 1945 च्या मे महिन्यात तलासरीतल्या झरीला वारल्यांची सभा झाली, गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने, आणि वेठीला नाही म्हणायचं ठरलं. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि इतर चौघे मारले गेले. आमच्या घरात याबद्दल एवढंच सांगत की 'त्या वर्षी बांधाला माणसं मिळाली नाहीत.' हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. त्याचा अर्थ कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

ज्या वारली कुटुंबाचं आमच्या बांधावर पिढ्यान् पिढ्या येणंजाणं होतं, त्यातल्या म्हाताऱ्याला आम्ही बांधकाका म्हणत असू. आतेला ठाऊक असलेली निम्मी नावं मुळात त्याची होती. मातीचा वास घेऊन तो सांगे की इथे खेकड्याने आतून भोक पाडलंय, पुढच्या अमावास्येला खांड पडणार. आजोबा हसत, आणि अमावास्येला खांड पडे.

आतेचं सासर झाईचं. तलासरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे डोंगर आणि महामार्ग येतो, पण त्या तालुक्यालाही झाईला समुद्र आहे, आणि शेजारी लगेच उंबरगाव. 1 मे 1960 पर्यंत उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. राज्यं वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेलं, तलासरी इकडे राहिलं. आतेची उंबरगावची नणंद रात्रीत गुजराती झाली. मासे मात्र जुन्याच वाटेने जात-येत राहिले, आणि आतेही. चैत्री पौर्णिमेला महालक्ष्मीची यात्रा लागली की ती महिनाभरासाठी माहेरी येई, येताना सुक्या बोंबलांची गठडी घेऊन. त्या महिन्यात ती आम्हाला ओळीने बांधावर नेई आणि नावं म्हणून घेई. शाळेतल्या कविता आमच्यातल्या कुणालाच आठवत नाहीत. बांधावरची नावं मात्र प्रत्येकाला थोडी थोडी आठवतात, आणि दुर्दैवाने प्रत्येकाला तीच तीच.

तिवराचं पान उलटं करून चाटायचं हा आमचा खाऊ होता. मुळांतून आलेलं जास्तीचं मीठ ते झाड पानांवाटे बाहेर टाकतं, उन्हात त्याचे बारीक कण चमकतात. चिखलातून वर आलेल्या त्याच्या खुंट्या, ज्यांनी ते श्वास घेतं, त्यांवर अनवाणी पाय पडला की रडू येई. निवट्या त्या खुंट्यांमधून उड्या मारत आणि त्यांना हाताने पकडणं फक्त एकाच चुलतभावाला जमे. तो आज वापीला मोठ्या हुद्द्यावर आहे. परवा म्हणाला, "इतकी वर्षं नोकरी केली, पण निवटी पकडल्यावर वाटायचं तसं परत कधी वाटलं नाही."

ऐंशीच्या दशकात बांध गेला. कारणं अनेक. आजोबा गेले, वाटण्या झाल्या, बांध सगळ्यांचा म्हणून कुणाचाच नाही. बांधकाकाची मुलं विटभट्टीवर जायला लागली, त्यांना तिथे रोकडा मिळे. खांड पडली ती एका पावसाळ्यात बुजवायची राहिली, दुसऱ्या पावसाळ्यात ती बैलगाडी जाईल एवढी झाली. शेतात खारं पाणी भरलं. आजी महिनाभर मागल्या दाराला बसली नाही.

मग जे झालं ते आमच्यापैकी कुणी केलेलं नाही. पहिली दोन-तीन वर्षं नुसता चिखल. मग कडेला मोरस. मग भरतीबरोबर वाहत आलेली तिवराची फळं रुजली. ती पाण्यावर तरंगतात आणि जिथे टेकतील तिथे थोड्याच दिवसांत मूळ सोडतात. दहा-बारा वर्षांत भाताच्या जागी कमरेएवढी तिवरं, वीस वर्षांत डोक्यावर. बगळ्यांनी वस्ती केली. चिंबोऱ्या वाढल्या. खाडीकाठची इतर काही गावं उधाणात पाणी घरात आलं म्हणून ओरडली, तेव्हा आमच्या मागल्या दाराला पाणी येता येता थकून थांबलं होतं. मुळं लाटेचा जोर मोडतात, गाळ धरतात, जमीन हळूहळू वर उचलतात. हे सगळं पुस्तकात आहे. आम्ही ते ओटीवरून पाहिलं.

याच सुमाराला बाहेर मोठ्या गोष्टी चालू होत्या. खाडीकाठी 500 मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र आलं, त्याची पावणेतीनशे मीटरची चिमणी आमच्या गच्चीवरून दिसू लागली. 20 जून 1991 च्या केंद्राच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, उद्योगांना 500 एकरांची मर्यादा पडली. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसलं, आणि 2019 मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते त्या खुर्चीवर होते. साध्या माणसाला तिथे आपली तक्रार मांडता येत होती, याचं मोल फार आहे.

ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनाची तोड थांबवली. जमीन सरकारी असो की खाजगी, तिवर तोडायचं नाही, भोवतीच्या पन्नास मीटरमध्ये बांधकाम नाही. आणि आमच्या घरात महाभारत सुरू झालं. एक भाऊ म्हणतो, वडिलार्जित भातशेती होती, बांध परत घालू द्या. दुसरा म्हणतो, जमीन अडकली आहे तर मोबदला द्या. बहीण म्हणते, हात लावाल तर मीच तक्रार करेन. मी बहिणीच्या बाजूचा आहे, पण भावांनाही मी लोभी म्हणणार नाही. ज्याच्या नावावर चार एकर आहे आणि त्यातून काटकीही उचलता येत नाही, त्याला पर्यावरणावर व्याख्यान देणं सोपं असतं, ऐकणं कठीण.

बहिणीची मुलगी इंग्लंडमध्ये शिकायला गेली होती. तिने तिथून फोटो पाठवले: सॉमरसेटमधलं स्टीअर्ट. तिथे 2014 मध्ये समुद्राचा बांध माणसांनी ठरवून फोडला आणि भरतीचं पाणी शेतात घेतलं, मागे गावासाठी नवा बांध घालून. आता तिथे खारं गवत आहे, पक्षी आहेत, आणि त्यावर गुरं चरतात. एसेक्समधल्या वॉलेसी बेटावर तर लंडनच्या नव्या रेल्वेबोगद्यांतून निघालेली तीस लाख टनांहून जास्त माती नेऊन टाकली आणि खाजण घडवलं. घरच्या गटावर फोटो आले तेव्हा पहिली प्रतिक्रिया मोठ्या भावाची: "बांध फोडायला सरकार पैसे देतं? आपला तर फुकट फुटला!"

तो विनोदाने बोलला, पण त्यात मुद्दा होता. तिथे बांध फोडण्याआधी शेतकऱ्याशी सौदा झाला, मागचा बांध कुठे घालायचा ते ठरलं, गुरं कुणाची चरतील ते ठरलं. आमच्याकडे समुद्राने एकतर्फी निकाल दिला आणि कायद्याने त्यावर शिक्का मारला. निकाल चांगला होता. पण पक्षकारांना कुणी विचारलं नाही.

अलीकडे खाजण 'वाढवण्याची' भाषा आपल्याकडेही होते. राज्याने 2012 मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला, 2017 पासून गावसमित्यांमार्फत खेकडे-कालवं पाळण्यासारख्या उद्योगांना मदत देणारी योजना आहे. चांगलंच आहे. पण रोपं लावायचा उत्साह चढला की माणूस आधी मोकळी जागा शोधतो, आणि ओहोटीचा उघडा चिखल त्याला मोकळा दिसतो. काही वर्षांपूर्वी खाडीच्या एका तोंडाशी कुणा मंडळींनी थाटात तिवरं लावली. बरोबर त्या जागी, जिथे बायका खुबे काढत आणि हिवाळ्यात तुतवार पक्षी चोची खुपसत फिरत. आमच्या नावांत ती जागा 'म्हातारीचा कोन'. रोपं पहिल्याच उधाणांत वाहून गेली, कारण तिथला चिखल रोज फार वेळ पाण्याखाली असतो, तिवर तिथे स्वतःहून कधीच गेलं नसतं. एखाद्या म्हातारीला विचारलं असतं तरी रोपांचे पैसे वाचले असते. तिवर कुठे जातं, मोरस कुठे थांबतो आणि चिखल कुठे उघडाच राहायला हवा, हे त्या सत्तावीस नावांत लिहिलेलं होतं.

वाढवण बंदराबद्दल लिहिल्याशिवाय या किनाऱ्यावरचा लेख पुरा होत नाही, आणि लिहिलं की घरात आणखी एक भांडण. 1998 मध्ये डहाणूच्या त्या प्राधिकरणाने ते नाकारलं, जुलै 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने ना हरकत दिली, 30 ऑगस्ट 2024 ला पालघरला पायाभरणी झाली. खर्च 76,220 कोटी, समुद्रात भर 1,448 हेक्टर. आमच्यातले दोघे म्हणतात पोरांना नोकऱ्या लागतील, बाकीचे विचारतात डोलीच्या जाळ्यांनी कुठे जायचं. मी विरोधातला. पण एक हिशेब दोन्ही बाजूंनी मांडून पाहावा: इतकी भर पडल्यावर प्रवाह वळले तर गाळ कुठे साचेल, कुठे कापला जाईल, कुठलं खाजण बुडेल आणि कुठे नवं उगवेल. तो हिशेब मांडताना उंबरठ्यावर बसलेल्या माणसांकडेही थोडी आकडेवारी आहे, ती मोजून घ्यावी.

गेल्या मे महिन्यात आम्ही अकरापैकी आठ जण जमलो. विरारहून तिघे लोकलने आले. 2013 पासून ती डहाणू रोडपर्यंत येते, नाहीतर पूर्वी शटलची वाट पाहण्यात अर्धी सुट्टी जाई. बांधकाकाचा नातू तलासरीहून आला. त्याला आम्ही बोलावलं होतं, आणि बांधावर पुढे त्याला चालायला सांगितलं. बांधाचा उरलेला तुकडा आता जेमतेम शंभर पावलांचा आहे. इंग्लंडला गेलेल्या भाचीने फोनवर नकाशा उघडला, आम्ही नाव सांगायचं आणि तिने खूण करायची. चार नावं अशी निघाली की ती आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हती, फक्त त्या नातवाला. त्यातलं एक वारली भाषेतलं, ज्याचा अर्थ 'इथे पाय टाकू नको' असा आहे. तिघांनी लगेच टाकून पाहिला. त्यांना ओढून काढायला अर्धा तास लागला.

आते जाऊन आता बरीच वर्षं झाली. सत्तावीसपैकी एकोणीस नावं नकाशावर चढली. आठ राहिली आहेत. झाई, बोर्डी, धाकटी डहाणू किंवा चिंचणीच्या बाजूला कुणाच्या घरी पाऊणकी येणारी आजी असेल, तर तिला एकदा बांधापर्यंत घेऊन जा. वही बरोबर ठेवा, आणि निघण्याआधी तिथी बघा.